स्प्रिंगची सीट हलते तेव्हा काय आवळावे आणि काय मोकळे ठेवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची १९६८ सालची बुलेट ३५० आपण पुन्हा रस्त्यावर आणली आहे. तिच्यावर पुढे स्प्रिंगांची एकट्याची सीट आहे आणि मागे वेगळी गादी आहे. ही पुढची सीट डावी-उजवीकडे हलते आणि खड्ड्यात चाक गेले की नाकाशी, म्हणजे सीटच्या पुढच्या निमुळत्या टोकाशी, ‘कट्ट’ असा आवाज येतो. मेकॅनिकने नाकाचा बोल्ट दोनदा आवळला. पहिल्या वेळी पंधरा दिवस बरे गेले. दुसऱ्या वेळी सीट लाकडी पाटासारखी ताठ झाली, स्प्रिंगा दबेनाशा झाल्या, आणि आठवड्याभरात हलणे पुन्हा सुरू झाले. आता नाक थेट चासीला वेल्ड करून टाकू, असे त्याने सुचवले आहे, आणि ते करावे का, असे आपण विचारले आहे.

कृपया वेल्ड करू नका. आपल्या सीटची ढिलाई नटात नाही, ती झिजेत आहे. झिजलेल्या जागी बोल्ट कितीही आवळला तरी झीज भरून निघत नाही, उलट ती वाढते. वेल्ड केले तर आवाज थांबेल, पण सीटचे काम संपेल आणि तिच्यावर येणारा सगळा मार चासीच्या त्या छोट्याशा कानावर, म्हणजे नाकाचा बोल्ट ज्या भोकाच्या तुकड्यातून जातो त्यावर, जाईल.

हे नीट समजण्यासाठी या सीटची रचना डोळ्यांसमोर आणली पाहिजे. हिला आपण सीट म्हणतो, पण यंत्राच्या दृष्टीने ती दारासारखी बिजागरीवर फिरणारी वस्तू आहे. पुढे नाकाच्या दोन पट्ट्यांमध्ये चासीचा कान येतो आणि तिन्हींतून एक आडवा बोल्ट जातो, तो तिची बिजागरी. मागे दोन जाड स्प्रिंगा असतात, त्या तिला तोलून धरतात. आपण बसलो की सीट नाकाच्या बोल्टाभोवती किंचित फिरते आणि मागचा भाग खाली जातो. मागच्या चाकाला शॉक ॲब्सॉर्बरच नव्हते, अशा काळातली ही योजना आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम२० सारख्या गाडीचे मागचे चाक चासीत ताठ बसवलेले असे, आणि चालवणाऱ्याच्या कण्याला जो काही आराम मिळे, तो मुख्यतः सीटच्या स्प्रिंगांतून. बुलेटला १९४९ मध्ये मागे स्विंगआर्म (मागचे चाक धरून वर-खाली होणारा भाग) आणि शॉक ॲब्सॉर्बर आले, १९५५ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली, आणि तरीही स्प्रिंगची सीट तिच्यावर कितीतरी वर्षे टिकून राहिली, कारण आपल्या रस्त्यांवर दोन्ही आधार उपयोगी पडतात.

म्हणजे नाकाच्या या सांध्याकडून आपल्याला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या आहेत. वर-खाली तो बोटाने ढकलला तरी फिरला पाहिजे, आणि आडवा मात्र केसभरही हलता कामा नये. बोल्ट आवळून पहिली गोष्ट बिघडते आणि दुसरी साधत नाही. आपल्या मेकॅनिकच्या दोन प्रयत्नांत नेमके हेच घडले आहे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. आजच्या गाड्यांत सीटचा बोल्ट आवळण्यासाठीच असतो, आणि हात तसाच वळतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक तपास अवश्य करा, कारण ‘सीट हलते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बुलेटींमध्ये दोष कधी कधी सीटमध्ये नसतोच. स्विंगआर्मचे बुश (फिरत्या सांध्यात बसवलेली, झीज सोसणारी छोटी नळी) झिजले की वळणावर गाडीची शेपूट डुलते आणि बसलेल्याला वाटते की आपल्याखालची सीटच सरकली. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचे चाक जमिनीपासून सुटू द्या, एका हाताने चासी धरून दुसऱ्या हाताने स्विंगआर्मचे चाकाकडचे टोक आडवे हलवून पाहा. तेथे खडखड लागली तर आधी ते काम करा. सीट कितीही सुंदर बसवली तरी ती तक्रार जाणार नाही.

स्विंगआर्म ठीक असेल तर सीटकडे या. एका माणसाला सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी धरून हळूहळू डावीकडे-उजवीकडे ढकलायला सांगा. घाईने नको, श्वासाच्या लयीत. आपण तर्जनीचे टोक अशा जागी ठेवा की अर्धे बोट सीटच्या नाकाच्या पट्टीवर आणि अर्धे चासीच्या कानावर असेल. दोन धातू एकमेकांवर सरकत असतील तर डोळ्यांना दिसण्याआधी ते बोटाला कळते. हीच परीक्षा चारही ठिकाणी घ्या: नाकाच्या डाव्या पट्टीशी, उजव्या पट्टीशी, आणि दोन्ही स्प्रिंगांच्या खालच्या बोल्टांशी. मग टॉर्च घेऊन सांध्याच्या कडा पाहा. जेथे कित्येक महिने हालचाल चालली आहे, तेथे लालसर तपकिरी भुकटी साचलेली दिसते, कुंकवात थोडे ग्रीस पडावे तशी. साधा गंज खपलीसारखा चिकटून असतो. ही भुकटी बोटाला लागते, आणि ती पुसली की खाली चकचकीत धातू दिसतो. जेथे ही भुकटी आहे, तेथेच आपला दोष आहे.

नाकाशी झालेली थोडीशी झीज मागे इतकी मोठी का वाटते, याचाही हिशेब सोपा आहे. कानाची रुंदी ३० मिलिमीटर आहे आणि बोल्ट व भोक यांच्यात अर्धा मिलिमीटर मोकळीक झाली आहे, असे धरा. बोल्ट त्या भोकात तिरका होऊ शकतो तो ३० मध्ये अर्धा, म्हणजे ६० मध्ये एक. नाकापासून स्प्रिंगांपर्यंतचे अंतर सुमारे ३०० मिलिमीटर असेल तर मागे तीच मोकळीक एका बाजूला ५ मिलिमीटर होते आणि दोन्ही बाजू धरून १० मिलिमीटर. स्प्रिंगा तिला थोडे अडवतात, पण स्प्रिंग वरून दाबली जाण्यासाठी बनवलेली असते, आडवी रेटली जाण्यासाठी नव्हे. म्हणून नाक झिजले की काही महिन्यांनी स्प्रिंगांचे खालचे बोल्ट ढिले होतात, आणि मग दोष मागे आहे की पुढे, याचा उलगडा होत नाही. नेहमी नाकापासून सुरुवात करा.

आता सीट काढा. स्प्रिंगांचे खालचे नट आधी सोडा, नाकाचा बोल्ट शेवटी. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल लावून ठेवा. नाकाचा बोल्ट हातात आला की तो पुसून स्वच्छ करा आणि उजेडात धरा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक गाड्यांचा दोष या एका बोल्टाकडे पाहून कळतो. बोल्टावर डोक्यापासून टोकापर्यंत आटे असतील तर तो मूळचा नाही, हार्डवेअरच्या दुकानातून आणून घातलेला आहे. अशा बोल्टाचे आटे कानाच्या आतल्या भिंतीवर टेकतात, आणि सीट प्रत्येक खड्ड्यात फिरते तेव्हा ते आटे कानशीसारखे चालतात. बिजागरीच्या बोल्टाचा जेवढा भाग भोकात राहतो, तेवढा गुळगुळीत, बिनआट्यांचा दांडा असलाच पाहिजे आणि आटे फक्त नटापुरते असावेत. हा एक नियम पाळला गेला असता तर मी दुरुस्त केलेल्या सीटींपैकी कितीतरी माझ्याकडे आल्याच नसत्या.

भोक मोजताना व्हर्नियर (बारीक माप घेण्याची पट्टी) एकाच दिशेने लावून थांबू नका. उभे मोजा, मग आडवे मोजा. सीटचे वजन आणि हादरे विशिष्ट दिशेने येत असल्यामुळे भोक गोल राहत नाही, अंडाकृती होते. एका बुलेटवर मला ते आडवे ८.६ आणि उभे ९.२ मिलिमीटर मिळाले होते, आणि त्यात बसलेला बोल्ट होता ५/१६ इंची, म्हणजे ७.९४ मिलिमीटरचा. अशा भोकात नवा बोल्ट घालून काहीही साधणार नाही, आणि जाड बोल्ट घातला तरी तो अंड्याच्या अरुंद बाजूला घट्ट आणि रुंद बाजूला ढिलाच राहील.

यावर पक्का उपाय म्हणजे बुश आणि स्पेसर नळी. वरच्याच गाडीचे उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे तत्त्व स्पष्ट होईल. आपली मापे आपल्या गाडीवरूनच घ्यायची आहेत, माझे आकडे टर्नरला (लेथवर भाग कातून देणाऱ्याला) देऊ नका. त्या कानाची बाहेरची जाडी, म्हणजे भोकाभोवतीचा बाहेरचा व्यास, २० मिलिमीटर होती, म्हणून भोक १२ मिलिमीटरचे केले तरी सभोवती ४ मिलिमीटर भिंत उरत होती. ३ मिलिमीटरपेक्षा कमी भिंत उरणार असेल तर मी भोक वाढवत नाही. तेव्हा बुशाचा विचार सोडून, भोक जेमतेम गोल होईल इतकेच रीमरने (भोक आतून खरवडून मापाला आणणाऱ्या हत्याराने) साफ करून त्या मापाचा थोडा जाड पिन बनवून घेतो. भोक मोठे करताना हँड ड्रिल वापरू नका. अंडाकृती भोकात ड्रिलचे पाते अंड्याच्या दिशेनेच ओढले जाते, मध्येच अडकून झटका देते, आणि भोक तिरके होते ते कायमचे. हाताने फिरवायचा, माप वाढवता येणारा रीमर घ्यावा, दर फेरीला थोडे तेल द्यावे आणि माप अगदी थोडथोडे वाढवत जावे. तास-दीड तास लागतो. हा वेळ द्यावा, कारण चासी लेथवर चढवता येत नाही, आणि एकदा काढलेला धातू परत येत नाही.

१२ मिलिमीटरच्या भोकात फॉस्फर ब्रॉन्झचा बुश बसवला, बाहेरून भोकापेक्षा २-३ शतांश मिलिमीटर मोठा, आतून १० मिलिमीटर आणि लांबी कानाइतकी, म्हणजे ३०. तो हातोडीने ठोकून बसवायचा नाही. एक लांब बोल्ट कानातून आरपार घालून, दोन्ही टोकांना जाड वॉशर लावून नट फिरवत गेले की बुश सरळ आत ओढला जातो, आणि कडा चेपत नाहीत. बुश दाबून बसला की त्याचे आतले भोक किंचित आवळते, म्हणून शेवटी १० मिलिमीटरचा रीमर एकदा हलक्या हाताने फिरवून घ्यावा. या बुशात फिरते ती स्पेसर नळी: ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाची, बाहेरून बुशात अर्ध्या दशांश मिलिमीटरच्या मोकळिकीने बसणारी, आतून ८ मिलिमीटर. तिच्या आतून ५/१६ चा बोल्ट जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणताही जुना टर्नर हे दोन्ही भाग अर्ध्या तासात काढून देतो. आपल्या गावात लेथ चालवणारा जो कोणी असेल, त्याला जुना बोल्ट आणि मापे लिहिलेला कागद द्या. तोंडी मापांवर काम देऊ नका.

खरी मेख नळीच्या लांबीत आहे, आणि येथे घाई करू नये. सीटच्या नाकाला दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये कान येतो. त्या गाडीवर पट्ट्यांमधले अंतर ३३ मिलिमीटर होते आणि कान ३० चा. नळी ३३ ची केली. उरलेल्या ३ मिलिमीटरमध्ये कानाच्या दोन्ही बाजूंना नळीवरून सरकणारे १.४ मिलिमीटर जाडीचे पितळी वॉशर घातले, म्हणजे २.८ भरले आणि ०.२ मोकळे राहिले. आता नट आवळला की बोल्ट, दोन्ही पट्ट्या आणि नळी असे सगळे मिळून एक घट्ट वस्तू होते, आणि ही वस्तू बुशात मोकळी फिरते. नट हवा तितका घट्ट करा, सीट ताठ होणार नाही. आडवी हलायला तिला फक्त ते ०.२ मिलिमीटर आहेत. आपल्या मेकॅनिकने आवळलेला बोल्ट मात्र नळीच नसल्यामुळे पट्ट्यांना कानावर चिमटीत धरत होता. सीट फिरू पाहत होती, चिमटा तिला फिरू देत नव्हता, आणि प्रत्येक खड्ड्याला नट थोडा थोडा सुटत होता.

बुश चासीत बसवावा की सीटमध्ये, असा प्रश्न कधी येतो. काही सीटींना नाकात गोल नळी असते आणि चासीला दोन कान असतात, म्हणजे रचना उलटी. तेव्हा सगळे काम सीटमध्ये करता येते आणि चासीला हात लावावा लागत नाही. जेथे निवड असेल तेथे मी नेहमी सीटच निवडतो. सीट बदलता येते, पण जिच्यावर नंबर कोरलेला आहे ती आजोबांची चासी एकच आहे.

आट्यांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण जुन्या इंग्लिश घराण्याच्या गाड्यांचे सर्वाधिक नुकसान येथे होते. ५/१६ इंच आणि ८ मिलिमीटर यांत फरक जेमतेम ०.०६ मिलिमीटरचा आहे, म्हणून हातात घेतल्यावर दोन्ही बोल्ट सारखेच वाटतात. आटे मात्र निराळे आहेत, कारण त्यांच्या पद्धती निराळ्या: सायकल थ्रेड, बीएसएफ आणि व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश, तर यूएनएफ अमेरिकी. जुन्या सायकल थ्रेडच्या ५/१६ बोल्टाला इंचाला २६ आटे असतात, बीएसएफच्या त्याच मापाला २२, व्हिटवर्थला १८, यूएनएफला २४. साध्या मेट्रिक ८ च्या बोल्टाचा एक आटा १.२५ मिलिमीटरचा असतो, तर सायकल थ्रेडचा ०.९८ चा. चुकीचा बोल्ट दोन फेरे आत जातो, मग अडतो, मग कोणीतरी लांब पाना लावतो आणि आतले आटे जातात. पाव इंचाच्या मापाला तर आणखी फसगत आहे. तेथे सायकल थ्रेड आणि बीएसएफ दोन्ही इंचाला २६ आट्यांचेच असतात, फक्त आट्याचा कोन पहिल्याचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५ अंश. नट बसल्यासारखा वाटतो आणि थोड्या दिवसांत सुटतो. शंभर-दोनशे रुपयांचे आटे मोजायचे पान जवळ ठेवा. बोल्ट मिळत नसेल तर टर्नरकडून नवा काढून घ्या, पण चासीत किंवा सीटच्या कंसात मुळातले आटे शाबूत असतील तर तेथे मेट्रिकचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवू नका.

स्प्रिंगांकडे वळू. दोन्ही काढून सपाट काचेवर शेजारी उभ्या करा आणि मोकळी उंची मोजा. ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर सीट एका कुशीवर कलते आणि नवीन बुशालाही एकाच बाजूने खाऊ लागते. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा डावी स्प्रिंग आधी बसते, कारण आपण सगळे गाडीवर डावीकडून चढतो. एकच स्प्रिंग बदलू नका, जोडी बदला. तयार जोडी मिळाली नाही तर स्प्रिंग बनवणाऱ्याला तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि मोकळी उंची ही चारही मापे द्या, आणि तारेच्या जाडीवर ठाम राहा. ‘जरा जाड तार घालू, टिकेल’ असे तो म्हणेल. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६ मिलिमीटरऐवजी साडेसहाची तार घातली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के ताठ होते, आणि जो मार तिने गिळायचा तो नाकाकडे जातो. स्प्रिंगच्या टोकाशी, जेथे तार वळून डोळा होतो तेथे, भिंगातून पाहा. चीर दिसली तर ती स्प्रिंग भंगारात जाऊ द्या. स्प्रिंगला वेल्डिंग करणे किंवा तापवून वाकवणे कधीही चालत नाही, कारण तापल्यावर तिचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कणखरपणा, उतरते.

स्प्रिंगांचे खालचे बोल्ट डोके वर आणि नट खाली असे घाला. नट पडला तरी बोल्ट जागेवर राहतो आणि सीट एकदम सुटत नाही. एका गाडीवर मी हे उलटे पाहिले होते. नट कधी गळाला ते चालवणाऱ्याला कळले नाही, नंतर बोल्टही खाली पडला आणि आंबोलीच्या घाटात उतारावर सीट मागून एका बाजूला फिरली. तो माणूस सावरला, पण त्या दिवसापासून मी हे दोन नट हाताने तपासल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात देत नाही.

सीट खाली आहेच, तर कानाची आणि सीटच्या सांगाड्याची चीर तपासून घ्या. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. जागा पेट्रोलने स्वच्छ पुसून कोरडी करा, तिच्यावर रॉकेल लावा, रॉकेल मिळत नसेल तर डिझेल, आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. मग पुन्हा अगदी कोरडी पुसा आणि पांढरा खडू घासून थर द्या. चीर असेल तर तिच्यात शिरलेले तेल हळूहळू खडूत उतरते आणि पांढऱ्यावर एक बारीक ओली रेघ उमटते. ओरखड्याची रेघ अशी उमटत नाही. मेकॅनिकने दोन वेळा जोर लावून आवळलेल्या आपल्या कानाच्या बाबतीत ही परीक्षा मी टाळणार नाही.

चीर सापडलीच तर वेल्डिंगविषयी आपण जो प्रश्न विचारला, तो येथे खऱ्या अर्थाने उभा राहतो. कान चासीच्या नळीला वेल्ड केलेल्या पोलादी पट्टीचा असेल तर चिरीच्या टोकाशी बारीक भोक पाडून, चीर व्ही आकारात घासून, चांगल्या वेल्डरकडून ती भरून घेता येते. पण जुन्या इंग्लिश चासींमध्ये नळ्या ओतीव सांध्यांत बसवून पितळेने जोडलेल्या असत. अशा ओतीव तुकड्यावर साधे आर्क वेल्डिंग केले तर तो वेल्डच्या कडेने पुन्हा तडकतो. तेथे मंद आचेवर गॅसचे ब्रेझिंगच करावे, आणि ते हातखंडा असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. ज्योत लावण्याआधी पेट्रोलची टाकी गाडीवरून काढून दूर न्या. ‘टाकी रिकामी आहे’ हे कारण ऐकू नका, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. आर्क वेल्डिंग असेल तर बॅटरीची दोन्ही टोके सोडून ठेवा.

आपली सीट उद्या बदलून कोणी लांब जोडसीट बसवायला सांगेल, म्हणून तिच्याविषयी थोडेसे. ती बिजागरीवर नसते, तेथे बोल्ट खरोखरच आवळायचे असतात. ती हलते तेव्हा बहुधा सीटच्या पत्र्याखालचे रबरी ठोकळे हरवलेले असतात, किंवा पत्रा गंजून बोल्टांभोवती फाटलेला असतो. ठोकळे बसवा, फाटलेल्या जागी आतून दीड मिलिमीटरची पट्टी रिव्हेट करा, आणि फोम उतरवल्याशिवाय तेथे वेल्डिंग करू देऊ नका. तसा दोष आपल्या गाडीवर नसल्याने अधिक लिहीत नाही.

जोडणी करताना क्रम उलटा: आधी नाक, मग स्प्रिंगा. बुशात लिथियम ग्रीस बोटाने भरा आणि नळीलाही बाहेरून लावा. वॉशरांवर पातळ थर पुरे. नाकाला नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) किंवा स्प्लिट पिन असलेला नट वापरा. नुसत्या स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका, हादऱ्यांत तो फार काळ धरत नाही. नाकाचा नट पूर्ण आवळून झाला की स्प्रिंगा जोडण्याआधी सीट मागून एका बोटाने उचला आणि सोडून द्या. ती आपल्या वजनाने खाली आली पाहिजे. मध्येच थांबली तर नळी आखूड आहे किंवा वॉशर जाड आहेत. तेव्हा नट ढिला करून वेळ मारून न्यायची नाही, वॉशर काढून बारीक पॉलिश पेपरवर घासून पातळ करायचा. सीट खाली आली, पण आडवी बोटाला लागण्याइतकी हलली, तर वॉशर पातळ आहेत. हे जमायला दोन-तीन वेळा खोलजोड करावी लागते, आणि दर वेळी बोटाखाली फरक कळत जातो.

स्प्रिंगांचे वरचे बोल्ट आधी हाताने लावा, सीट एकदा दोन्ही हातांनी खाली दाबून सोडा म्हणजे स्प्रिंगा आपली जागा घेतील, आणि मगच पाना लावा. आधी एक बाजू पूर्ण आवळली तर सीट तिरकी बसते आणि नव्या बुशावर पहिल्या दिवसापासून आडवा ताण राहतो. शेवटी सगळ्या नटांवरून बोल्टावर जाईल अशी रंगाची एक बारीक रेघ ओढा. शंभर किलोमीटरनंतर आणि मग पाचशेनंतर त्या रेघा पाहा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरला आहे. ग्रीस वर्षातून दोनदा द्या, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा पाऊस सरल्यावर, कारण मागच्या चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल थेट या सांध्याशी येतो.

खर्चाचा मुख्य भाग बुश, नळी, बोल्ट आणि दोन वॉशर एवढाच असेल. स्प्रिंगा बदलाव्या लागल्या तर वेगळे. मेकॅनिकला ही मापे आणि हा क्रम वाचून दाखवा, आणि भोक मोजताना स्वतः शेजारी उभे राहा. उभे आणि आडवे असे दोन्ही आकडे मला कळवलेत, शिवाय कानाची बाहेरची जाडी आणि पट्ट्यांमधले अंतर दिलेत, तर बुश कोणत्या मापाचा करावा, की त्याऐवजी जाड पिनच बरा, हे मी नेमके सांगू शकेन.